निरोप लांबवणारी औषधं

नाग चावलेल्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात आणतात तेव्हा डॉक्टरांचं लक्ष दंशाच्या जागेइतकंच त्याच्या पापण्यांकडे असतं. पापण्या जड होऊन खाली येऊ लागल्या, रुग्ण ‘दोन-दोन दिसतंय’ म्हणू लागला, बोलणं जड झालं, की विष स्नायूंवर चढू लागलं हे कळतं. प्रतिविष द्यायचंच असतं. त्याला पर्याय नाही. पण आपल्याकडच्या सर्पदंश-उपचारपद्धतीत त्याच्या जोडीला एक छोटी चाचणीही सांगितली आहे. दीड ते दोन मिलिग्रॅम निओस्टिग्मिन स्नायूत टोचायचं आणि त्याच वेळी ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन शिरेतून द्यायचं. मग तासभर रुग्णाजवळून हलायचं नाही. पापणी किती मिलिमीटर उघडते, एका श्वासात किती आकडे म्हणता येतात, नजर वर किती वेळ टिकते, तोंड उघडल्यावर दातांमध्ये किती अंतर पडतं, हे थोड्या थोड्या वेळाने मोजून लिहीत राहायचं. नागाचं विष असेल तर पुष्कळदा पापण्या डोळ्यांदेखत वर जातात. मण्यार चावली असेल तर तास उलटला तरी फारसा फरक दिसत नाही, आणि मग ते इंजेक्शन पुढे देत राहण्यात अर्थ उरत नाही.

या एवढ्याशा चाचणीत दोन प्रश्न आहेत. नागाच्या विषावर चालणारं औषध मण्यारीच्या विषावर का चालत नाही? आणि एका इंजेक्शनबरोबर दुसरं कशाला, तेही नेमकं पहिल्याच्या उलट काम करणारं? औषधशास्त्र शिकवताना निओस्टिग्मिनच्या वर्गातल्या औषधांची यादी घोकणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. नाव, मात्रा, उपयोग, दुष्परिणाम. यादी पाठ होते, पेपर सुटतो, आणि हे दोन प्रश्न तसेच राहतात. हे पुस्तक त्या दोन प्रश्नांसाठी लिहिलं आहे, आणि माझ्या मते दुसरा प्रश्न हाच या विषयाचा गाभा आहे. मज्जातंतूंचा निरोप पोचवणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचं बळ वाढवणं वैद्यकाला दीडशे वर्षांपूर्वीच साधलं. ते बळ हवं तिथेच राखणं, नको तिथे पोचू न देणं, हे मात्र अजूनही पुरतं साधलेलं नाही. जिथे साधलं, तिथे बहुतेक वेळा विरोधी औषधाला सोबत घेऊनच साधलं.

आधी थोडं शरीराविषयी. मज्जातंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीनने भरलेल्या बारीक पिशव्या असतात. विजेची लहर तिथवर आली की पिशव्या रिकाम्या होतात, ॲसिटिलकोलीन फट ओलांडून पलीकडच्या रिसेप्टरवर बसतं आणि स्नायूला निरोप मिळतो. निरोप मिळाला की तो लगेच पुसलाही जावा लागतो, नाहीतर पुढचा निरोप वेगळा कळणार कसा? पुसण्याचं काम कोलिनेस्टरेज हे एन्झाइम करतं. त्याचा एकेक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. शरीरातल्या सर्वांत वेगवान एन्झाइमांपैकी हे एक.

निओस्टिग्मिन या एन्झाइमला काही काळ अडवून धरतं. त्यामुळे निरोप लांबतो, फटीत ॲसिटिलकोलीन साठत जातं. नागाचं विष स्नायूवरच्या रिसेप्टरवर जागा अडवून बसलेलं असतं; ॲसिटिलकोलीन वाढलं की ते त्या जागेसाठी झगडू शकतं. मण्यारीच्या विषाचा मुख्य घाव तंतूच्या टोकावरच असतो. निरोप निघतच नाही, मग लांबवणार काय? अशा रुग्णाला श्वासाचं यंत्र लागतं, आणि तंतूंची टोकं पुन्हा तयार होईपर्यंत धीर धरावा लागतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे असं सरळ आहे.

दुसऱ्याचं तितकं सरळ नाही. कारण हा निरोप्या फक्त हातापायांच्या स्नायूंचा नाही. हृदयाची गती तो कमी करतो. श्वासनलिका आवळतो, आतड्याला आणि मूत्राशयाला चालना देतो, लाळ आणि घाम आणतो, डोळ्याची बाहुली लहान करतो. मेंदूत तो लक्ष आणि स्मृतीच्या कामात असतो. एवढ्या सगळ्या ठिकाणी रेणू तोच. रिसेप्टर मात्र दोन घराण्यांचे. स्नायूंवरचे निकोटिनिक, आणि हृदय, ग्रंथी, आतडं यांवरचे मस्कॅरिनिक. एक नाव तंबाखूतल्या निकोटिनवरून आलं, दुसरं लाल टोपीच्या विषारी अळंबीतल्या मस्कॅरिनवरून. हा भेद हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१४ साली मांडला. रक्तात ॲसिटिलकोलीन तोडणारं काहीतरी असणार, हा अंदाजही त्याने तेव्हाच केला होता. पुढे १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे ओटो लोवीने बेडकाच्या एका हृदयाचा वेगस तंतू उत्तेजित करून, त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयावर सोडून त्याचीही गती मंदावून दाखवली, आणि तंतूचा निरोप रसायनाने जातो हे सिद्ध झालं. दोघांना मिळून १९३६चं नोबेल मिळालं. लोवीची कथा पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते, म्हणून इथे ती एवढीच.

निओस्टिग्मिन एन्झाइम अडवतं ते सगळीकडे. पापणीच्या स्नायूत अडवतं तसंच हृदयातही. पापणी उघडेल, पण नाडी धोकादायक मंद होईल, छातीत कफ भरेल, पोटात मुरडा येईल. ॲट्रोपिन फक्त मस्कॅरिनिक रिसेप्टर बंद करतं. स्नायूंवरच्या निकोटिनिक रिसेप्टरना हात लावत नाही. म्हणून दोन इंजेक्शनं. पहिलं सगळीकडचा निरोप लांबवतं, दुसरं त्यातला नको तेवढा भाग झाकतं. उरतो तो फक्त स्नायूंपुरता परिणाम, आणि हवा होता तो तेवढाच. स्वतः ॲसिटिलकोलीन औषध म्हणून टोचून उपयोग नाही, कारण रक्तात ते क्षणात तुटतं. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत बाहुली चटकन लहान करण्यासाठी ते डोळ्याच्या आत सोडतात, तेवढाच त्याचा थेट उपयोग. बाकी सगळी औषधं एकतर त्याची नक्कल करणारी, नाहीतर त्याचं आयुष्य वाढवणारी.

आयुष्य वाढवणाऱ्या औषधांचा उगम एका न्यायदानाच्या विषात आहे. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय टोकाला कॅलाबार हे बंदर आहे. तिथल्या एफिक लोकांत चेटूक केल्याचा आरोप असलेल्या माणसाला एका वेलीच्या गडद तपकिरी बिया कुटून पाण्यातून पाजायची रीत होती. ओकून टाकली आणि वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. ती बी, एसेरे, एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांमार्फत एडिंबरोला पोचली. तिथले विषशास्त्रज्ञ रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी १८५५ साली ती स्वतः खाऊन पाहिली. आदल्या रात्री अगदी थोडी, सकाळी त्याहून जास्त. अंगातली शक्ती झपाट्याने जाऊ लागल्यावर त्यांनी समोर असलेलं दाढीचं साबणपाणी पिऊन उलटी काढली आणि ते वाचले. त्यांनी जे टिपून ठेवलं ते मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते: डोकं स्वच्छ होतं, पण स्नायू इच्छेला जुमानत नव्हते. रिसेप्टर, एन्झाइम, ॲसिटिलकोलीन यांतला एकही शब्द जन्माला आला नव्हता, आणि तरी निरीक्षण इतकं नेमकं.

त्यांचा विद्यार्थी टॉमस फ्रेझर याने त्या बीवर प्रबंध लिहिला. फ्रेझरने दिलेला अर्क आर्गाइल रॉबर्टसन या तरुण नेत्रवैद्याने १८६३ मध्ये आपल्याच डोळ्यात घातला आणि बाहुली आक्रसत गेलेली नोंदवली. ॲट्रोपिन बाहुली मोठी करतं हे सर्वांना ठाऊक होतं. आता त्याच्या उलट करणारं सापडलं. पुढच्याच वर्षी प्रागमध्ये ॲट्रोपिनची विषबाधा झालेल्या कैद्यांना याच बीचा अर्क देऊन पाहण्यात आला. म्हणजे या घराण्याच्या पहिल्या वैद्यकीय उपयोगांतही ॲट्रोपिन समोर होतंच. फ्रेझरने नंतर प्राण्यांवर पद्धतशीर प्रयोग करून दाखवलं की एक विष दुसऱ्याच्या जीवघेण्या मात्रेवर उतारा ठरू शकतं, पण ठरावीक मात्रांच्या मर्यादेतच. ती मर्यादा ओलांडली की दोन्ही मिळून मारतात. औषधं एकमेकांना काटतात म्हणजे नेमकं काय, हे आकड्यांत मांडण्याचा तो अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता, आणि आजही अतिदक्षता विभागात ॲट्रोपिनचा डोस चढवताना डॉक्टर नकळत तीच वाट चालत असतात.

बीतलं द्रव्य, फायसोस्टिग्मिन, १८६४ मध्ये वेगळं काढलं गेलं. १८७०च्या दशकात लुडविग लाकेर या नेत्रवैद्याने ते काचबिंदूवर वापरलं. त्याला स्वतःलाही काचबिंदू होता. त्याच काळात ब्राझीलच्या जाबोरांडी या झुडपाच्या पानांतून पायलोकार्पिन मिळालं. ते एन्झाइम अडवत नाही, ॲसिटिलकोलीनची थेट नक्कल करून मस्कॅरिनिक रिसेप्टरवर बसतं. ब्राझीलमधले लोक ही पानं चावून भरपूर लाळ आणि घाम आणवत, हे पाहूनच युरोपातल्या डॉक्टरांचं तिकडे लक्ष गेलं. डोळ्यातला दाब अचानक वाढून होणाऱ्या काचबिंदूत ते अजूनही वापरतात. बाहुली लहान झाली की बुबुळाचा पडदा कोपऱ्यातून ओढला जातो आणि अडलेल्या पाण्याला वाट मिळते. पुढे त्याच पायलोकार्पिनची गोळी तोंड कोरडं पडणाऱ्या रुग्णांसाठी आली: किरणोपचाराने लाळग्रंथी निकामी झालेल्या, किंवा शोग्रेनच्या आजाराच्या. एकाच जागी थेंब टाकता येतो म्हणून डोळा हा या औषधांचा पहिला आणि सर्वांत सोयीचा अवयव ठरला. तिथे सोबतीला विरोधी औषध लागलं नाही, कारण औषध मुळातच तिथून फारसं बाहेर जात नाही.

फायसोस्टिग्मिन प्रयोगशाळेत पहिल्यांदा घडवलं ते १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका छोट्या महाविद्यालयात, पर्सी ज्युलियन आणि जोसेफ पिकल यांनी. ज्युलियन हे गुलामगिरीत जन्मलेल्यांचे नातू. ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन त्याच रेणूच्या मागे होते आणि त्यांचा मार्ग चुकीचा आहे असं ज्युलियननी जाहीरपणे छापलं. ते बरोबर ठरले. इतकं होऊनही त्याच महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकपद मिळालं नाही, कारण ते काळे होते. या रेणूविषयी लिहिताना हे वगळणं मला जमणार नाही.

त्याच्या एक वर्ष आधी लंडनच्या ग्रिनिच भागातल्या सेंट अल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर नावाची डॉक्टर काम करत होती. ती मज्जाविकारतज्ज्ञ नव्हती. गरिबांसाठीच्या रुग्णालयातली साधी वैद्यकीय अधिकारी होती. स्नायू दुबळे करणाऱ्या मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजाराच्या एका रुग्णाविषयी तिने भेटीला आलेल्या डेनी-ब्राउन या तज्ज्ञाशी चर्चा केली. हा आजार क्युरार या स्नायू लुळे करणाऱ्या विषाच्या बाधेसारखा दिसतो, असं बोलणं निघालं. क्युरारवर फायसोस्टिग्मिन उतारा आहे हे ठाऊक होतं. वॉकरने ते टोचून पाहिलं, आणि पडलेल्या पापण्या उचलल्या गेल्या, गिळणं सुधारलं. काही तासांनी परिणाम ओसरला, पुन्हा टोचल्यावर पुन्हा आला. १९३४ मध्ये तिने लॅन्सेटला पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी तिने निओस्टिग्मिनचा परिणामही दाखवून दिला.

मायस्थेनिया का होतो, हे कळायला आणखी चार दशकं गेली: शरीर स्वतःच्याच निकोटिनिक रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. मूळ आजारावर आता इतर उपचार आहेत, पण सकाळी उठल्यावर घास गिळता यावा म्हणून पायरिडोस्टिग्मिनची ६० मिलिग्रॅमची गोळी आजही लागते. तिचा परिणाम काही तासांचा. जेवणाआधी घेतली तर जेवताना जबडा दमत नाही. चुकली तर चौथ्या घासाला तोंड हलेनासं होतं. आणि गोळ्या प्रमाणाबाहेर वाढवल्या तर माणूस पुन्हा अशक्तच होतो. यातला घोळ समजून घेण्यासारखा आहे. ॲसिटिलकोलीन कमी पडलं तरी स्नायू दुबळा आणि अति झालं तरी दुबळा, कारण निरोप पुसलाच गेला नाही तर स्नायू नव्या निरोपाला दाद देत नाही. शस्त्रक्रियेच्या सुरुवातीला भूलतज्ज्ञ जे सक्सामेथोनियम देतात, ते ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू जोडून झालेलं असतं, आणि नेमकं याच मार्गाने ते काही मिनिटं स्नायू लुळे करतं. रुग्णाला मात्र दोन्ही अशक्तपणे सारखेच वाटतात. फरक सांगतो तो घाम, लाळ, जुलाब आणि लहान झालेली बाहुली.

शस्त्रक्रियेच्या शेवटी काय होतं, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं, म्हणून ते जरा सविस्तर. पोटाच्या शस्त्रक्रियेत स्नायू सैल ठेवण्यासाठी क्युरारच्या वंशातली औषधं दिलेली असतात, आणि तोवर रुग्णाचा श्वास यंत्र घेत असतं. टाके घालून झाले की भूलतज्ज्ञ निओस्टिग्मिन देतात, आणि सोबत ग्लायकोपायरोलेट. दुसरं नाव अनोळखी वाटेल, पण काम ॲट्रोपिनचंच. फरक इतकाच की ते मेंदूत शिरत नाही, त्यामुळे म्हातारा रुग्ण शुद्धीवर येताना गोंधळत नाही. निओस्टिग्मिनही मेंदूत जात नाही. दोघंही बाहेरच्या बाहेर आपापलं काम करतात. तरीही घाई चालत नाही: स्नायूंवरचा अंमल थोडा तरी आपोआप उतरू लागलेला असावा लागतो. तो पूर्ण असताना निओस्टिग्मिन कितीही दिलं तरी भागत नाही, कारण ॲसिटिलकोलीन वाढवायलाही एक हद्द आहे. हल्ली सुगॅमाडेक्स नावाचं औषध काही स्नायूशिथिलकांना थेट कवेत घेऊन निकामी करतं. त्याला या सगळ्या जुळवाजुळवीची गरज नाही, पण ते महाग आहे. जोडीचं जुनं औषध त्यामुळे टिकून आहे.

आता या घराण्याची काळी बाजू. १९३६ मध्ये जर्मनीत कीटकनाशकं शोधताना गेरहार्ड श्राडरला टॅबून मिळालं, दोन वर्षांनी सारिन. फॉस्फरसयुक्त अशी ही संयुगं कोलिनेस्टरेजला फायसोस्टिग्मिनसारखं तात्पुरतं अडवत नाहीत, सहजी सुटणार नाही असं जखडतात. त्यांचीच सौम्य भावंडं शेतात आली. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो जण रुग्णालयात भरती झाले. त्या फवाऱ्यांत मोनोक्रोटोफॉससारखी याच जातीची औषधंही होती. पाठीवर पंप, उंच वाढलेली कपाशी, तोंडावर येणारा तुषार, अंगात साधा सदरा. विष कातडीतून आणि श्वासातून आत जातं. घाम, लाळ, उलट्या, छातीत घरघर, टाचणीच्या डोक्याएवढ्या बाहुल्या, अंगभर बारीक फडफडणारे स्नायू, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून थांबणं. यातलं एकही लक्षण अनपेक्षित नाही. औषध म्हणून जे थोडं थोडं घडवायचं, तेच इथे एकदम सगळीकडे घडतं.

उपचारात पुन्हा ॲट्रोपिनच, पण प्रचंड मात्रेत, दर काही मिनिटांनी दुप्पट करत, छाती कोरडी होऊन नाडी आणि रक्तदाब सावरेपर्यंत. बाहुली मोठी झाली म्हणजे पुरे झालं, असं मानायचं नाही. ॲट्रोपिन स्नायूंना हात लावत नाही, म्हणून श्वासाच्या यंत्राची तयारी हवी. जखडलेलं एन्झाइम सोडवणारं प्रालिडॉक्झिमही आहे, पण ते वेळेत मिळायला हवं. काही जातींच्या विषात काही तासांत ती गाठ पक्की होते. प्रालिडॉक्झिम कसं द्यावं याविषयीचा महत्त्वाचा अभ्यास बारामतीच्या डॉक्टरांनी केला, आणि तो २००६ साली लॅन्सेटमध्ये आला. दोनशे रुग्णांपैकी निम्म्यांना औषध सतत, मोठ्या मात्रेत शिरेतून दिलं, निम्म्यांना चार-चार तासांनी. पहिल्या गटात एक टक्का मृत्यू, दुसऱ्यात आठ टक्के. श्रीलंकेतल्या २००९ च्या चाचणीत मात्र प्रालिडॉक्झिमचा फायदा दिसला नाही, आणि वाद मिटलेला नाही. मला त्या बारामतीच्या कामाचा अभिमान वाटतो, कारण ज्या तालुक्यांत हे विष डबाबंद विकलं जातं, तिथल्याच खाटांवर बसून कुणीतरी चोख प्रश्न विचारला.

मस्कॅरिनिक रिसेप्टरवर बसून ॲसिटिलकोलीनची नक्कल करणारं एक द्रव्य आपल्या पानदानात आहे. कोवळी, ओली सुपारी खाऊन कुणाला कान गरम होऊन घाम फुटला, गरगरलं, तोंडाला पाणी सुटलं, की घरातलं कुणीतरी ‘सुपारी लागली’ म्हणतं आणि पाणी पाजतं. ते काम अरेकोलिनचं. ते मेंदूत सहज शिरतं. १९५७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना अरेकोलिन दिलं तेव्हा काही जण थोडा वेळ लख्ख शुद्धीत बोलू लागले. परिणाम लगेच ओसरायचा, म्हणून गोष्ट तिथेच राहिली. १९९० च्या दशकात अरेकोलिनची रचना समोर ठेवून झॅनोमेलिन घडवलं गेलं. अल्झायमरच्या रुग्णांत त्याने भास कमी केले, पण उलट्या, घाम आणि पोटाच्या त्रासामुळे कुणी ते घेत राहीना. ते मोडीतच निघालं होतं. मग त्याला ट्रॉस्पियमची जोड दिली गेली. ट्रॉस्पियम हे मूत्राशयाचं जुनं औषध, ॲट्रोपिनसारखंच रिसेप्टर बंद करणारं, पण मेंदूत जवळजवळ न शिरणारं. झॅनोमेलिन मेंदूत जातं, ट्रॉस्पियम बाहेर राहून पोट आणि ग्रंथी सांभाळतं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत या जोडीला स्किझोफ्रेनियासाठी मान्यता मिळाली. डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्याला न अडवणारं, या आजारासाठी मान्य झालेलं हे पहिलं औषध. नागदंशातल्या दोन इंजेक्शनांचीच ही कल्पना, फक्त बाजू उलटी: तिथे बाहेरचा स्नायू हवा होता, इथे आतला मेंदू. (सुपारी खाण्याचं हे समर्थन अजिबात नाही. ती तोंडाच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे, आणि तोंड न उघडणारे तरुण रुग्ण दंतवैद्यांना रोज दिसतात.)

शेवटी स्मृती. १९७६ च्या सुमारास ब्रिटनमधल्या संशोधकांना अल्झायमरने मेलेल्यांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन बनवणारं एन्झाइम खूप घटलेलं आढळलं. मग निरोप लांबवून पाहावा, ही कल्पना ओघानेच आली. पहिलं टॅक्रिन १९९३ मध्ये आलं आणि यकृताला झेपेना. १९९६ मध्ये जपानी बनावटीचं डोनेपेझिल, नंतर रिव्हास्टिग्मिन, आणि युरोपातल्या हिमफुलांच्या कंदातून आलेलं गॅलंटामिन. शीतप्रदेशातल्या या फुलाचं द्रव्य बल्गेरियात आधी पोलिओच्या रुग्णांवर वापरलं जात होतं. इथे मला स्पष्ट लिहायला हवं. ही औषधं मरणाऱ्या पेशींना थांबवत नाहीत. उरलेल्या पेशींचा निरोप थोडा ठळक करतात, आणि फरक लहान असतो. काहींना काही महिने कपडे घालणं, नाव आठवणं सोपं जातं. काहींना काहीच नाही, फक्त मळमळ आणि मंद झालेली नाडी. मुलं फार आशेने ही गोळी आणतात, आणि ती आशा मी मोडू इच्छित नाही. पण तीन-चार महिन्यांनी बसून, खरंच काही बदललं का, हे विचारायचा हक्क त्यांना आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. रिव्हास्टिग्मिनची पट्टी लावताना जुनी आधी काढायची, हेही सांगायला हवं. दोन-तीन पट्ट्या एकदम अंगावर राहून माणसं अत्यवस्थ झाली आहेत.

आणि विरोधी औषध इथेही हजर असतं, फक्त ते कुणी ठरवून दिलेलं नसतं. डोनेपेझिलने मूत्राशयाला चालना मिळते, आजोबांना लघवी धरवत नाही. ते कुणा दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात आणि ऑक्सिब्युटिनिन घेऊन येतात. ते मेंदूत शिरून तिथला तोच निरोप बुजवतं, ज्यासाठी डोनेपेझिल चालू होतं. एका गोळीचं काम दुसरी पुसते, आणि गोंधळ वाढला की तो आजाराच्या नावावर जमा होतो. हेच काम सर्दीची क्लोरफेनिरामिन, पोटदुखीची डायसायक्लोमिन, झोपेसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन आणि कंपावरची ट्रायहेक्सिफेनिडिल करतात. अशा औषधांची यादी या पुस्तकाच्या अखेरीस दिली आहे, आणि ती डॉक्टरांइतकीच घरच्यांसाठी आहे. स्मृतीचं औषध सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, खोकल्याच्या बाटल्या आणि अर्ध्या राहिलेल्या पाकिटांसह, एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.